माहेरचं दुखणं कुणापाशी सांगायचं?

साशंक : ताई, तुमचा बेत कानावर आला. आठवड्यातून एकदा सात-आठ बायकांनी एका खोलीत बसायचं, लहानपणी स्वतःच्या घरात जे सोसलं ते एकमेकींना सांगायचं, जिला जमेल तिनं वहीत लिहायचं. पुढे पुरुषांचंही वेगळं मंडळ काढायचं. तुमच्या हेतूवर माझा विश्वास आहे. माझी शंका जागेबद्दल आहे. पुण्या-मुंबईत बाई अशा मंडळातून बाहेर पडली की गर्दीत मिसळून जाते. शहागडात कोण कुणाच्या दारात शिरलं हे दिवस मावळायच्या आत हायवेवरच्या हॉटेलापासून गोदाकाठापर्यंत सगळ्यांना कळतं. निम्मं गाव एकमेकांचं सोयरं आहे. पुलापलीकडे गेवराई तालुक्यात इथल्या लेकी दिलेल्या, तिकडच्या लेकी इथे सुना म्हणून आलेल्या. एकीनं 'माझ्या चुलत्यानं' एवढा शब्द काढला की तो चुलता समोर बसलेल्या कुणाचा तरी मामेसासरा निघतो. मग किंमत कोण मोजतं? तिच्या धाकट्या बहिणीची सोयरीक मोडते. तिच्या आईला भावकी कार्याला बोलावत नाही. ज्यानं केलं तो सकाळी पारावर बसलेला असतो, कालच्यासारखाच. ही वाट तुम्ही तिला दाखवणार, म्हणून आधी मला उत्तर द्या.

आग्रही : देते, गुरुजी. पण गप्प राहणं फुकटात पडतं असं तुमच्या बोलण्यात गृहीत आहे, ते मला मान्य नाही. अमेरिकेत सॅन दिएगोला व्हिन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर लठ्ठपणावर उपचार करायचे. ज्यांचं वजन चांगलं उतरत होतं तीच माणसं उपचार सोडून जायला लागली, म्हणून ते एकेकाला बोलावून विचारू लागले. तेव्हा कित्येकांच्या लहानपणी घरातच अत्याचार झाला होता, असं बाहेर आलं. पुढे रॉबर्ट आंडा यांच्यासोबत त्यांनी हजारो लोकांना लहानपणाबद्दल प्रश्न विचारले आणि १९९८ साली निष्कर्ष छापले. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईला होणारी मारझोड अशा प्रकारांपैकी चार किंवा जास्त ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्यात दारूचं व्यसन, खिन्नता आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी जास्त दिसला. आपल्या सरकारनं २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोनतृतीयांशांहून जास्त मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्क्यांना मारणारे आई-बापच होते. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि बहुतेकांनी ते आधी कुणालाही सांगितलं नव्हतं.

आता आपल्याकडे बघा. बापाचा हात जसा पडायचा तसाच आपला हात लेकरावर पडतो, हे कळूनही थांबवता न येणारी आई आपण दोघांनीही पाहिली आहे. रोज संध्याकाळी पिऊन येणारा आणि पिण्याचं कारण कधीच न सांगणारा माणूस पाहिला आहे. जत्रेत केस मोकळे सोडून घुमणाऱ्या बाईचं गाव हात जोडून ऐकतं. तीच बाई शुद्धीवर असताना काही सांगू लागली तर तिला गप्प करतं. किंमत मोजली जातेच आहे. ती कुणाच्या हिशेबात धरली जात नाही, एवढंच.

साशंक : दुखणं खरं आहे, याबद्दल माझा वाद नाही. पण जखम आहे म्हणून ती बोलण्यानं भरते, हे त्यातून सिद्ध होत नाही. ज्या संशोधनाच्या जोरावर 'लिहा, मोकळे व्हा' असं सांगतात ते मीही थोडं वाचलं आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली कॉलेजातल्या मुलांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक गोष्टीबद्दल लिहायला सांगितलं. घटना आणि मनातली खळबळ दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्यात कमी जावं लागलं. ही गोष्ट सगळे सांगतात. लिहून झाल्या-झाल्या त्यांची मनःस्थिती जास्त बिघडली होती आणि रक्तदाबही वाढला होता, हे फारसं कुणी सांगत नाही. नंतर शंभराहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा फायदा खरा पण लहान निघाला. दुसरीकडे, अपघातानंतर लोकांना एकत्र बसवून एकदाच सगळं बोलायला लावायची पद्धत बरीच वर्षं चालली. चाचण्या तपासल्यावर तिचा उपयोग दिसला नाही, काहींचं उलट बिघडलं. आता जाणकार ती पद्धत वापरू नका म्हणतात.

पेनेबेकरच्या मुलांना वसतिगृहात आपली खोली होती आणि विद्यापीठात दवाखाना होता. तुमच्या मंडळातली बाई गुरुवारी संध्याकाळी तीस वर्षं दाबून ठेवलेलं बाहेर काढेल आणि आठ वाजता भाकरी थापायला घरी जाईल. रात्री दोनला तिला ते सगळं परत दिसायला लागलं तर ती कुणाकडे जाणार? मानसोपचाराला अंबड ओलांडून जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात जावं लागतं. सकाळची एसटी धरायची तर घरी कारण काय सांगायचं, इथपासून तिची अडचण सुरू होते.

आग्रही : रात्री दोनला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर लागतो आणि पलीकडचं माणूस मराठी बोलतं. पण मला माहीत आहे, शेजारी नवरा झोपलेला असताना फोन करता येत नाही, म्हणून हे उत्तर मी पूर्ण धरत नाही. तुम्ही सांगितलेल्या चाचण्यांतून मी वेगळं शिकते. त्या पद्धतीत अनोळखी माणसासमोर, एकदाच, ठरल्या वेळी बोलायला लावायचे. माझ्या मंडळात बोलायची सक्ती नाही. सहा महिने कुणी नुसती ऐकत बसली तरी चालेल. आणि समोरची तिच्यासारखंच सोसलेली असेल.

या शेवटच्या गोष्टीवर माझा भर आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोन दारुडे एकमेकांशी बोलायला बसले, त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. १९५१ साली घरच्यांसाठी अल-अनॉन निघाली. १९५७ साली व्यसनी आई-बापांच्या किशोरवयीन मुलांनीच आपली वेगळी सभा काढली. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, तिथे व्यसनी माणसांच्या बायकांचा 'सहचरी' गट आहे. या सगळ्यांत डॉक्टरपेक्षा वेगळं काय घडतं? घरात अत्याचार सोसलेल्या लेकराच्या मनात एक गोष्ट घट्ट बसते की मीच वाईट, म्हणून माझ्यावर ही वेळ आली. डॉक्टरनं शंभर वेळा 'तुझी चूक नव्हती' म्हटलं तरी ती हलत नाही. पण समोरची शांत, कामसू, चांगली बाई म्हणते, 'माझंही असंच झालं.' ही तर वाईट नाही, मग मी कशी? हा हिशेब तिचा तिलाच मांडावा लागतो, आणि तो मांडायला दुसरी बाई समोर असावी लागते.

आणि हे आपल्याला नवं कुठे आहे? हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पहाटे जात्यावर दोघी बसल्या की एक उचलायची, दुसरी धरायची. मन मोकळं करणं आणि एकमेकींचा आधार, दोन्ही एकाच कामात व्हायचं. गिरणी आली, हाताचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण ती बसायची जागाही गेली. मला ती जागा परत हवी आहे.

साशंक : ओवीचं नाव तुम्ही काढलं ते बरं झालं. मी माझ्या आजीच्या ओव्या ऐकत वाढलो. आठवून बघा, त्यांत काय असतं. सासूचा जाच, नणंदेचा तोरा, नवऱ्याचा मार, उपास, कष्ट, दुष्काळ, सगळं असतं. आणि बाप? भाऊ? आई? तिथे बहुतेक सगळी मायाच. दिवाळीला न्यायला येणारा भाऊ, वाटेकडे डोळे लावून बसलेली आई, राजासारखा बाप. या मुलखातल्या कुठल्याच बापानं लेकीला मारलं नाही? कुठल्याच काकाचा हात वावगा पडला नाही? त्या बायांना सगळं ठाऊक होतं. पण सासरहून दोन लेकरं काखेला मारून मध्यरात्री निघायची वेळ आली तर ठोठवायला एकच दार होतं, माहेरचं. ते दार ती आपल्याच ओवीनं कसं मोडेल? त्या मौनाला मी अडाणीपणा म्हणणार नाही. पिढ्यान् पिढ्यांचा तो हिशेब आहे.

लेखिका बेबी कांबळे यांचं बघा. वीस वर्षं चोरून लिहिलं, वह्या घरातल्यांच्या नजरेआड लपवल्या. १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तकरूपात आलं. समाजाची सगळी होरपळ त्यात आहे, पण नवऱ्याच्या हातचा स्वतःचा मार जवळजवळ नाही. पुढे अनुवादक माया पंडितांनी मुलाखतीत विचारलं तेव्हा त्या त्याबद्दल बोलल्या. एवढी निर्भय बाई, तिनंही काय कुठे ठेवायचं ते नीट निवडलं. तुम्ही ऊस तोडायला जाणाऱ्या बाईला विचारताय की तुझा उरलासुरला आसरा आमच्यासमोर उघडा कर. तिच्याकडे दुसरा आसरा आहे का, हे विचारलंत?

आग्रही : गुरुजी, आतापर्यंतच्या तुमच्या बोलण्यात हे सर्वांत वजनदार आहे. ओवीतला हा रिकामा कोपरा माझ्या ध्यानात असा आला नव्हता. पण त्याचा अर्थ मी पुढे नेते. ओवी घरात म्हटली जायची. सासू ऐकायची, जाऊ ऐकायची, दाराआड सासरा ऐकायचा. चार कानांवर पडून जे खपेल तेवढंच ओवीत मावायचं. सासरच्या जाचाला तिथे मान्यता होती, कारण सासूनंही तो सोसलेला होता. माहेरच्या घावाला अशी मान्यता कुठेच मिळाली नाही. म्हणून घराबाहेरची जागा हवी. आणि बेबीताई अखेर बोलल्याच ना? विचारणारी भेटली, बाईच होती, घाई करत नव्हती. त्यांना श्रोता हवा होता आणि तो मिळेपर्यंत त्या थांबल्या, असं मी वाचते.

किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' ग्रंथालीनं १९९४ साली काढलं. ज्या आजोबांच्या घरात ते वाढले, तिथला मार, तिथली हेटाळणी, आईनं मागे टाकून जाणं, हे सगळं त्यांनी नावानिशी लिहिलं, आणि तरी आईचंच नाव स्वतःच्या नावात धरलं. राग आणि माया एकाच पुस्तकात नांदली. पण तुमचा मुद्दा इथेही खरा ठरतो, कारण तोवर ते डॉक्टर होत होते. पायाखाली दुसरी जमीन आल्यावर त्यांनी पहिल्या घराबद्दल लिहिलं. तेव्हा माझा बेत मी बदलते. मंडळानं आधी पायाखाली काही द्यावं. एसटीचं भाडं, वेळ आली तर दोन रात्री राहायला घर, सोबत चालायला दोघीजणी. बोलणं त्यानंतर.

पैठण इथून वरच्या अंगाला, याच गोदावरीवर. ज्ञानेश्वरांच्या आई-बापांनी प्रायश्चित्त म्हणून देह टाकल्यावर चार लेकरं शुद्धिपत्रासाठी तिथवर गेली, अशी कथा आपण पिढ्यान् पिढ्या सांगतो. लोकांच्या बोलण्यानं जिव्हारी लागून ज्ञानेश्वर दार लावून बसले तेव्हा मुक्ताबाई बाहेर उभी राहिली. ताटीचे अभंग तिथले. ती धाकटी होती आणि जे त्यानं सोसलं तेच तिनंही सोसलं होतं. म्हणून तिचा शब्द दारातून आत गेला.

साशंक : पण मुक्ताबाईनं आई-बापांवर फिर्याद मांडली नाही. मला ही भीती वाटते. तुमच्या मंडळात प्रत्येकीचा बाप राक्षस होईल. तो बाप मला ठाऊक आहे, त्याला मी शाळेत शिकवलं आहे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून तो पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात जायचा. पहाटे थंडीत फड, रात्री मोळ्या भरणं. त्याच्या बापानं त्याला बैलाच्या चाबकानं मारलं, त्यानं पोराला पट्ट्यानं. आपल्या पिढीत मार म्हणजे वळण लावणं होतं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, त्यातही पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई शिमटीनं मारते. मराठी माणूस ते वाचून आईच्या मायेनं रडला. मग वळण कुठे संपतं आणि अत्याचार कुठे सुरू होतो? अशानं निम्मा तालुका तुमच्या दारात रांग लावेल.

आग्रही : श्यामच्या अंगावरचे वळ आईनं पाहिले आणि तिचे डोळे भरून आले, हे त्याच प्रसंगात आहे. आणि मोठेपणी श्याम ते आश्रमातल्या मित्रांना मोकळेपणी सांगतो. ज्या वळांकडे घरातलं कुणी बघतच नाही, आणि 'कुणाला सांगशील तर बघ' अशी ज्यांच्यासोबत धमकी असते, त्या घावांबद्दल मी बोलते आहे. रेघ पूर्ण स्पष्ट नाही, कबूल. पण गुपिताची सक्ती ही मला सर्वांत खात्रीची खूण वाटते. आई-बाप फडावर गेल्यावर आजीकडे, चुलत्याकडे ठेवलेल्या लेकराला ती सक्ती सहा-सहा महिने सोसावी लागते. म्हणून तर हंगामी वसतिगृहं निघाली. मागे ठेवलेल्या मुलीचं काय होईल या धास्तीनं किती आई-बाप पंधराव्या वर्षीच तिला उजवून टाकतात, हे जालना-बीडच्या माणसाला सांगायला नको.

बापाचं दुःख मला दिसतं. उचल कशी माणसाला गिळते हे मी पाहिलं आहे. पण ते समजून घ्यायची पाळी आधी लेकरावरच का? त्याला कुणी पहिल्यांदा 'तुझं काय झालं' विचारलं, तर दुसऱ्याच वाक्याला आपण त्याच्यापुढे बापाची गरिबी ठेवतो. काही जणी पुढे बापाला माफ करतील, काही करणार नाहीत. त्याचा निर्णय मंडळ घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका.

साशंक : बरं. मग मी सर्वांत अवघड प्रश्नावर येतो. समजा, तिसऱ्या-चौथ्या बैठकीत एक बाई बोलली. लहानपणी सख्ख्या चुलत्यानं अत्याचार केला. चुलता आज साठीचा आहे, त्याच घरात आहे, आणि त्याच्या मांडीवर आठ वर्षांची नात आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं १९ वं कलम सांगतं की असा गुन्हा घडल्याचं माहीत असेल किंवा घडेल अशी भीती असेल, तर कुणाही माणसानं पोलिसांना कळवायचं. न कळवलं तर २१ व्या कलमानं सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तुम्ही तर तिला शब्द दिलात की इथलं इथेच राहील. आता?

आग्रही : तो शब्द मी तसा देणारच नाही. पहिल्या दिवशी पहिलं वाक्य असेल की इथलं सगळं इथेच राहील, फक्त आज एखादं लेकरू धोक्यात असेल तर ते राहणार नाही, मी मुलांच्या मदतवाहिनीला, १०९८ ला, कळवीन.

साशंक : मग जिच्या घरात आज लेकरू धोक्यात आहे, नेमकी तीच बोलणार नाही. तुमच्या अटीनं तुमची सुटका होते. त्या नातीची होत नाही.

आग्रही : आणि मंडळच नसेल तर तिच्याबद्दल कुणालाच, कधीच कळणार नाही. निदान ती अट ऐकणाऱ्या बाईला पहिल्यांदा लख्ख समजेल की आपल्याकडे असलेली माहिती जुनी नाही, आजची आहे. कित्येक वर्षं तिला वाटत आलं की हे फक्त माझं दुखणं. त्या नातीशी त्याचा संबंध आहे हे कुणी तिला म्हटलंच नाही. काही जणी त्या एका वाक्यानंच उठून सांगतील.

साशंक : काही जणी. उरलेल्यांचं काय? आणि जिनं सांगितलं तिचं पुढे काय होतं ते बघा. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवायचं. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या जागी, शक्यतो महिला फौजदारानं, गणवेश न घालता घ्यायचा. कागदावर कायदा माणुसकीचा आहे. पण सगळी चौकशी त्याच वाड्यात येते. नातीची आई त्याच म्हाताऱ्याच्या शेतावर जगते. ती तुमच्या बाईला दुवा देईल की शिव्या? आणि तुमची बाई आपलं बरं करायला आली होती. तिच्या डोक्यावर तुम्ही सगळं घर मोडल्याचं ओझं ठेवलं. ती स्वतः सावरायला वर्ष घेईल, आणि ते तिला मिळायलाच हवं. त्या मुलीला मात्र एक आठवडाही थांबता येत नाही. दोघींची निकड एकाच खोलीत कशी भागवणार?

आग्रही : भागत नाही, हे मला दिसतं आहे. म्हणून मी क्रम बदलून बघते. कुणाची कहाणी ऐकायच्या आधी, कुणाचं नाव यायच्या आधी, प्रत्येकीला एकटीला गाठून एवढंच विचारायचं : त्या घरात आज लहान लेकरू आहे का?

साशंक : माहेर वाचवायला ती 'नाही' म्हणेल.

आग्रही : काही जणी म्हणतील. सगळ्या नाही. ज्या 'हो' म्हणतील त्यांच्यासोबत ठाण्यापर्यंत चालायला दोघीजणी आधीपासून तयार असतील. त्या बाईला माहेर सुटलं तर राहायला घर असेल. ही तयारी झाल्याशिवाय मी पहिली बैठक घेणार नाही, हे तुम्ही मला पटवलंत.

साशंक : आणि ती तयारी व्हायला वर्ष लागलं तर? त्या वर्षात ती नात आहेच की. बघा, आता मीच तुम्हाला घाई करायला लागलो.

आग्रही : म्हणूनच एवढी वाट बघायची माझी तयारी नाही. दोघीजणी आणि एक खोली मिळाली की पुरे, बाकीचं चालत्यात जमवीन.

साशंक : आणि पहिल्याच दिवशी 'हो' आलं तर?

आग्रही : तर बैठक तिथेच थांबेल आणि आम्ही त्या मुलीच्या मागे लागू. बाकीच्या सातजणी आपापलं न बोलताच घरी जातील. त्यांतली एखादी नक्की म्हणेल, लहानपणी घरात माझ्या दुखण्याची पाळी कधी आली नाही, इथेही दुसऱ्या कुणाचं आधी आलं. तिचं म्हणणं खरं असेल, आणि तिला काय उत्तर द्यायचं हे मला अजून सापडलेलं नाही.